गुंठेअण्णा

विश्रामबागेत सकाळी फिरायला निघणारे दोन जातींचे. एक तब्येतीसाठी फिरतात, दुसरे भाव काढायला. आमचे अण्णा दुसऱ्या जातीचे. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेला असा एक तरी अण्णा सांगलीच्या प्रत्येक कॉलनीत सापडतो.

वालचंद कॉलेजपासून चालायला लागलं की अण्णांचं बोट आपोआप वर होतं. "हा कोपरा बघितला? १९८७ ला मला आठ हजार गुंठ्यानं देत होता. मालक मागं लागलेला, गुरुजी घ्या की, घ्या की! म्हटलं, इथं रात्री कोल्ही ओरडतात, राहायचं कुणी?" त्या कोपऱ्यावर आता चार मजली हॉस्पिटल आहे. अण्णा त्याच्याकडं असं बघतात की कुणालाही वाटावं, डॉक्टरनं त्यांच्याकडून उसनं नेलंय. न घेतलेल्या प्लॉटांची त्यांची यादी मोठी आहे, आणि त्या हिशेबानं ते आज कोट्यधीश आहेत.

घेतलेला प्लॉट एकच, तीन गुंठ्यांचा. सहा हजार गुंठ्यानं अठरा हजार. चौथा वेतन आयोग नुकताच लागू झालेला, मूळ पगार बाराशे. म्हणजे पंधरा महिन्यांच्या मूळ पगारात जमीन! निम्मे पैसे फंडातून काढले, बाकीच्यापायी काकूंच्या पाटल्या गेल्या. पुढं पाचवा, सहावा, सातवा असे आयोग येत गेले आणि बंगल्यावर मजला चढला. अण्णा ह्या सगळ्याला 'काटकसर' म्हणतात. पाटल्यांचा उल्लेख काकूच करतात, तोही सराफाच्या दुकानावरून जाताना.

आता खरी गंमत. अण्णांच्या मालमत्तेला ठरलेला भाव नाही. विचारणारा कोण, त्यावर तो ठरतो. घरपट्टीच्या मोजणीला महापालिकेचा माणूस आला की, "जुनं बांधकाम हो, भिंतीला ओल आहे, पाडायलाच झालंय." गावभागातल्या वडिलोपार्जित वाड्यात बहिणीचा हिस्सा आहे. ती आली की अण्णा पुराचा इतिहास काढतात. "२०१९ ला आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी ४५! असल्या वाड्याला कोण विचारतंय, ताई? हक्कसोडपत्रावर सही करून टाक, उगीच तुझ्या डोक्याला ताप नको." आणि मुलासाठी स्थळ घेऊन मध्यस्थ आला, की तोच वाडा "कृष्णाकाठची वडिलार्जित इस्टेट" होतो.

मुलगा डिप्लोमा करून कुपवाडच्या एमआयडीसीत आहे, पगार २२ हजार. स्थळं यायची, आणि 'पुण्यात फ्लॅट आहे का?' ह्या प्रश्नावर परत जायची. अण्णा म्हणायचे, "सांगलीत बंगला आहे की!" त्यावर एका मुलीच्या बापानं शांतपणे विचारलं, "तो तुमचा. मुलाचा कुठाय?"

अखेर साताऱ्याचं स्थळ जमलं. मुलगी शिक्षणसेवक. मानधन १६ हजार. तेही २०२३ मध्ये वाढलं म्हणून, त्याआधी सहाच होतं. तीन वर्षं असं काढल्यावर वेतनश्रेणी मिळणार. अण्णांना मिळते तसली पेन्शन मात्र नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्यांच्या नशिबातून गेली. तिचे वडीलही निवृत्त गुरुजी, घर शाहूपुरीत. म्हणजे साताऱ्याचे गुंठेअण्णाच!

बैठकीला मी होतो. पोह्यांच्या बशा येईपर्यंत मुला-मुलीचं बोलणं आटोपलं होतं, व्याह्यांचं सुरूच. ते म्हणाले, "२०२० च्या हद्दवाढीत शाहूपुरी नगरपालिकेत आली, तेव्हापासून आमच्याकडं भाव ऐकवत नाही. त्यात पोवई नाक्याला भुयारी मार्ग झाला." अण्णा कसले मागं राहतात! "आमच्याकडं नदी वाढली की भाव वाढतो. अख्खं गाव विश्रामबागेत जागा शोधतंय. माझाच भाव धरा गुंठ्याला तीस लाख." दोघं असे खुलले होते, की देण्याघेण्याचं बोलायचं राहूनच गेलं. मुलीच्या आईनं ह्याबद्दल देवापुढं साखर ठेवली असेल.

तेवढ्यात मुलीनं मोबाइल काढला. तीन गुंठे गुणिले तीस लाख, नव्वद लाख. भागिले दोघांचे मिळून ३८ हजार. "काका, २३७ महिने होतात. जवळजवळ वीस वर्षं. न जेवता."

खोलीत फक्त पंखा बोलत होता. मग दोन्ही गुरुजी एकदमच जागे झाले. "तुम्ही पोरं बचत करत नाही!" हे साताऱ्याचे. "रविवारी हॉटेल, दर वर्षाला नवा मोबाइल," हे आमचे. मुलीचा मोबाइल काचेला तडे गेलेला होता; तो तिनं पालथा ठेवला. अण्णांना जरा वाईट वाटलं असावं. म्हणाले, "दमानं घ्या. दोन-चार वर्षांत भाव उतरेल." आणि स्वतःच दचकून सावरले, "उतरेल कसा? उतरायचा नाही!"

मला अण्णांचा राग येत नाही. बाराशे पगारात त्यांनी घर बांधलं, हे खरंच आहे. फक्त त्यांच्या काटकसरीइतकाच त्यात त्या सालाचाही वाटा होता, एवढं ते कबूल करत नाहीत. केलं, तर सकाळी फिरायला जाऊन बोलायचं काय?

लग्न झालं. जोडपं अण्णांच्याच वरच्या मजल्यावर राहतं. बाहेरचा भाडेकरू असता तर वरचे आठ हजार आले असते, हे अण्णा महिन्याच्या एक तारखेला सहज म्हणून सांगतात.

कुणाला विश्रामबागेतला भाव हवा असेल तर अण्णांकडं अवश्य जा. चहा मिळेल. फक्त आपण महापालिकेतून आलोय की नात्यातून, हे चहा येईपर्यंत कळू देऊ नका.