कामथडीचा कचरा आणि पोत्याचं तिकीट

पुणे-सातारा रस्त्यावर चेलाडी फाटा मागं टाकला की कपूरहोळच्या अलीकडे कामथडी लागतं. इथं गाडी सहसा कोणी थांबवत नाही. कोणी बाणेश्वराला वळतो, कोणी भोरला, कोणी राजगडाला. कामथडीच्या वाट्याला येतात ते फक्त खिडकीतून सुटलेले ऐवज. ते वेचायला आम्ही पाच-सहा पुणेकर एका पावसाळी रविवारी उतरलो. हातात मोजे, चिमटे, पोती.

गाडगेबाबा गावात शिरले की आधी झाडू मारायचे आणि रात्री कीर्तन करायचे. आम्ही क्रम थोडा बदलला. आधी फोटो काढला.

हायवे सोडून शेताकडे जाणारी वाट धरली. दोन्ही बाजूंना भातखाचरं आणि कडेच्या गवतात महाराष्ट्राचा अर्वाचीन इतिहास. गुटख्याला राज्यात २०१२ पासून बंदी आहे, म्हणून इथं एक पुडी पानमसाल्याची आणि तिच्या शेजारी दुसरी तंबाखूची. कायद्यापुढे वेगळ्या राहणाऱ्या, तोंडात एकत्र नांदणाऱ्या. २०१८ साली बंदी आलेल्या थर्माकोलच्या ताटल्याही होत्या, त्यांना ती बातमी कळलेली दिसली नाही. क्वार्टरच्या बाटल्या मात्र नेहमी पुलाच्या कठड्याला नीट टेकवून ठेवलेल्या असतात. पिणाऱ्याला कसली ना कसली शिस्त असतेच.

लावणीतून एका मावशींनी मान वर केली.

"काय हरीवलंय का वं?"

"नाही मावशी, कचरा उचलतोय."

"सरकारी शिक्षा हाय का?"

स्वयंसेवा म्हणजे काय हे आमच्यातल्या एका प्राध्यापकांनी चिखलात उभं राहून समजावलं. सगळं ऐकून घेतल्यावर मावशी म्हणाल्या, "मग बांधावरची बी दोन प्लास्टिकं घ्या की. वाऱ्यानं तुमच्याकडलीच आल्यात."

'तुमच्याकडलीच' यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता. प्राध्यापकांच्या चिमट्यात त्या क्षणी पुण्यातल्या एका दुकानाची पिशवी होती, पत्त्यासकट.

पुढं पारावर एक आबा बसले होते. त्यांनी बाटल्यांचा भाव विचारला. आम्ही विकत नाही म्हटल्यावर त्यांना आमच्याविषयी खरी काळजी वाटू लागली. म्हणून मी त्यांना डेव्हिड सेडारिसची गोष्ट सांगितली. हा अमेरिकन विनोदी लेखक इंग्लंडात ससेक्सच्या खेड्यात राहायला गेला आणि तिथल्या वाटांवरचा कचरा रोज वेचू लागला. शेवटी २०१४ साली तिथल्या कौन्सिलनं एका कचरागाडीला त्याचं नाव दिलं.

"म्हंजी गाडी त्याच्या नावावर झाली?"

"नाही आबा, गाडीला नुसतं नाव दिलं."

"आन् डिझेल?"

सेडारिसची थोरवी इथंच संपली.

दुपारपर्यंत चार पोती भरली. आता ती टाकायची कुठं? वेचण्याची मोहीम सगळे आखतात, टाकण्याची कोणी आखत नाही. ज्या पुण्यातून माल आला त्याच पुण्याला तो परत न्यायचं ठरलं आणि आम्ही फाट्यावर वडापला हात केला.

"पोत्याचं वेगळं पडंल," ड्रायव्हर म्हणाला.

"अहो, कचरा आहे तो!"

"मग जास्त पडंल."

टपावर टाकलं तर खेड शिवापूरपर्यंत सगळं पुन्हा रस्त्यावर, म्हणून पोती मांडीवर घेतली. समोर बाणेश्वराहून परतणारं एक कुटुंब बसलं होतं. आजोबांनी केळं सोललं, खिडकीकडं पाहिलं, माझ्या पोत्याकडं पाहिलं आणि अतिशय अदबीनं विचारलं, "यात टाकलं तर चालंल का?"

चालंल म्हटलं आणि फसलो. आजोबांच्या मागोमाग शेंगांची टरफलं आली, चॉकलेटचे कागद आले, जुनी तिकिटं आली. ड्रायव्हरनंही डॅशबोर्डवरची पंधरवड्याची साठवण मागं पाठवली. टोलनाका येईपर्यंत पोत्याचं तोंड बांधता येईना.

उतरताना त्यानं पोत्याचे पैसे चोख मोजून घेतले.