टोनशेठ

टोनशेठ गिटार वाजवतात असं म्हणणं म्हणजे त्यांना कमी लेखणं. गिटार काय, कुणीही वाजवतं. टोनशेठ पेडल निवडतात.

वय पंचेचाळिशीच्या अलीकडे-पलीकडे, नोकरी हिंजवडीत, फ्लॅट सिंहगड रस्त्याला, आणि त्या फ्लॅटच्या मागच्या बेडरूममध्ये इस्त्रीचं टेबल, कपडे वाळत घातलेली ट्रेडमिल आणि एक लाल इलेक्ट्रिक गिटार. ही मंडळी ठाण्यात असतात, नाशकात असतात, न्यू जर्सीत तर असतातच; तिकडे त्यांना बेसमेंट मिळतं, एवढाच फरक. कॉलेजच्या गॅदरिंगला दोन गाणी वाजवलेली असतात, मग नोकरी, लग्न, हप्ते. चाळिशी उलटल्यावर काही लोक सायकल घेतात, काही हिमालयात जाऊन येतात. टोनशेठनी गिटार घेतली आणि पहिल्याच रात्री त्यांच्या लक्षात आलं की आवाज ‘तसा’ येत नाही.

‘तसा’ म्हणजे कसा, हे विचारण्यात अर्थ नाही. विचारलंत तर ते दोन्ही हात हवेत उचलतात, बोटं आखडतात आणि म्हणतात, “थोडा फाटलेला, पण फाटका नाही. गरम हवा, पण करपलेला नको.” त्यांच्या आईंनी हे ऐकून एकदा विचारलं होतं, “आवाजाबद्दल बोलतोयस की भाकरीबद्दल?”

मूळ मामला काही फार गहन नाही. व्हॉल्व्हचा जुना अ‍ॅम्प त्याच्या कुवतीपेक्षा मोठ्यानं वाजवला की ध्वनिलाटांचे शेंडे त्याला पेलत नाहीत. ते छाटले जातात आणि त्या छाटाछाटीतून नवे उपस्वर उगवतात. कानाला तो आवाज जाड, दाणेदार आणि जरा रागावलेला लागतो. हा अपघात लोकांना इतका आवडला की तो मुद्दाम घडवण्याची चढाओढ लागली. १९६४ साली इंग्लंडच्या किंक्स या बँडच्या डेव्ह डेव्हिसनं अ‍ॅम्पच्या स्पीकरचा कागदी पडदा चक्क ब्लेडनं कापला आणि त्याच्यातूनच ‘यू रिअली गॉट मी’ वाजवलं. टोनशेठना ही कथा मुखोद्गत आहे. सांगताना त्यांचे डोळे ओलावतात. त्यांच्या स्वतःच्या दहा वॉटच्या अ‍ॅम्पवरचं प्लास्टिकचं आवरण मात्र अजून निघालेलं नाही. वॉरंटी चालू आहे.

मोठ्यानं वाजवायची सोय नसलेल्यांसाठी जपान्यांनी उपाय काढला. तळहातावर मावेल अशी धातूची डबी, वर दोन-तीन नॉब, पायानं दाबायची पट्टी, पोटात नऊ व्होल्टची बॅटरी. एक नॉब, ड्राइव्ह, किती फाडायचं ते ठरवतो, दुसरा किती मोठ्यानं, आणि तिसरा, टोन, असलाच तर किती तिखट. १९७७ साली बॉसचं पिवळं ओडी-१ आलं. दशक सरता सरता आयबानेझचा हिरवा ट्यूब स्क्रीमर आला, ज्याचं सर्किट सुसुमु तामुरा यांनी मॅक्सॉनसाठी बेतलं होतं. १९८१ साली पुन्हा पिवळं, एसडी-१, आणि १९९५ साली निळा ब्लूज ड्रायव्हर. भला माणूस यातलं एक उचलेल, घरी येईल आणि वाजवत बसेल. तसं झालं असतं तर हा लेख इथेच संपला असता.

टोनशेठची पहिली पायरी एक्सेल. त्यात उभ्या रकान्यांत पेडलं आणि आडव्या ओळींत गुण: चिप कुठली, डायोड किती, बंद केल्यावर सिग्नल सरळ जातो की बफरमधून. पिवळ्यात एका बाजूला दोन आणि दुसऱ्या बाजूला एक डायोड आहे, म्हणून लाटेचे वरचे आणि खालचे शेंडे सारखे छाटले जात नाहीत, हे ते तुम्हाला लिफ्टमध्येही सांगतील. हिरव्यातली चिप जेआरसी ४५५८ आहे ना, हे बघायला ते मागचं झाकण उघडून नातवंडांची पत्रिका बघावी तशा गांभीर्यानं भिंग लावतात. तपकीर गल्लीतल्या दुकानदारानं त्यांना एकदा त्याच नंबरची चिप चहाच्या पैशांत काढून दिली तेव्हा ते दुखावले. स्वस्त निघाली म्हणून नव्हे, त्यानं ती डब्यात हात घालून न बघता काढली म्हणून.

मग क्लॉन. आवाज खाली करून बोलायचा हा विषय. १९९४ साली अमेरिकेत बिल फिनेगन यांनी क्लॉन सेंटॉर नावाचं पेडल विकायला आणलं आणि आतली रचना कुणी उचलू नये म्हणून सर्किटवर काळ्या इपॉक्सीचा लपका ओतला. सुमारे आठ हजार नग करून ते थांबले. त्या लपक्याखाली काय दडलंय या नुसत्या विचारानं जगभरचे गिटारवाले झोप घालवून बसले. पुढे कुणीतरी लपका खरवडून सगळं उघडं केलं, तर भाव उतरायच्या ऐवजी चढला. आज जुनं सेंटॉर लाखांत जातं. खुद्द फिनेगनना इतका उबग आला की पुढच्या मॉडेलवर त्यांनी, हा जो गवगवा चाललाय तो माझा नव्हे, अशा अर्थाची ओळ छापून टाकली. टोनशेठकडे सेंटॉरच्या नकला आहेत. त्यांतली कुठली अधिक अस्सल, यावर ते तासभर बोलू शकतात.

काही माल न्यू जर्सीच्या भाच्याच्या बॅगेतून आला. डबी, आत वायरी, बॅटरी आणि वर लाल दिवा, असलं काहीतरी मोज्यांत गुंडाळून नेताना विमानतळावर काय काय विचारतात, हे भाच्याला एकाच खेपेत कळलं. पुढच्या वेळी त्यानं मामासाठी बदाम आणले. त्यामुळे टोनशेठचा मोर्चा मुंबईकडे वळला. एकदा मीही सोबत होतो. धोबी तलावला फुर्टाडोजमध्ये शिरताना त्यांनी चपला काढाव्यात की काय असा क्षणभर विचार केल्याचं मला स्पष्ट दिसलं. मग स्टुलावर बसून त्यांनी एकेका पेडलवर तेच एक वाजवलं, तिसरी तार ताणून सोडायची आणि मान हलवायची. काउंटरवरचा पोरगा सोशिक होता. “सर, अजून काही वाजवून बघा ना,” तो म्हणाला. टोनशेठनी त्याच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू अत्तर हुंगायला आलेल्याला त्यानं जेवायचं आमंत्रण दिलंय. परत येताना एक्सप्रेसवेवर ते फक्त एवढंच बोलले, “त्यांच्या खोलीला कार्पेट आहे.”

नाचता येईना अंगण वाकडं असं आपण म्हणतो. टोनशेठ अंगणाचा वाकडेपणा हर्ट्झमध्ये देतात. हिरव्या पेडलबद्दल त्यांची कायमची तक्रार म्हणजे तो नाकात बोलतो. आणि ते खोटंही नाही. ट्यूब स्क्रीमर साधारण ७२० हर्ट्झच्या खालचे खर्जाचे स्वर मागे ठेवतो आणि मधला पट्टा पुढे काढतो. रात्री साडेअकराला, दार लावून, हेडफोनवर एकट्यानं ऐकलं तर ते सर्दी झाल्यासारखंच लागणार.

घरात याच गोष्टीची दुसरी बाजूही नांदते. आई गाणाऱ्या. त्यांच्याकडे मिरजेचा तानपुरा आहे, आणि रोज सकाळी त्या घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवून जवारी लावतात. तोही उपस्वरांचाच खेळ. नुसती तार बोलते, जवारीची तार झंकारत राहते. आई दोरा केसभर इकडे, केसभर तिकडे करतात, एका जागी आवाज उमलतो आणि त्या हात काढून घेतात. टोनशेठ हे लहानपणापासून बघत आलेत. परवा ते दारात उभे राहून म्हणाले, “आई, पण दुसऱ्या कंपनीचा दोरा लावून बघितला असतास तर?”

वहिनींचं या प्रकरणातलं योगदान आजवर दुर्लक्षित राहिलंय. पहिलं म्हणजे पाट. हळदीकुंकवाचा सागवानी पाट हल्ली पेडलबोर्ड आहे. त्यावर वेल्क्रो चिकटवलंय आणि नवरात्रात पाहुण्यांना प्लास्टिकच्या खुर्च्या मिळतात. दुसरं म्हणजे टिकल्या. नॉब कुठं ठेवला की आवाज ‘जवळजवळ तसा’ येतो याची खूण म्हणून टोनशेठ डबीवर वहिनींच्या टिकल्या लावतात. मरून ड्राइव्हला, काळी टोनला. पेडल विकायची वेळ आली की टिकल्या काढायच्या, ओल्या फडक्यानं पुसायचं आणि ‘घरगुती वापर, एका हाती’ असं लिहायचं.

असाच एक हिरवा त्यांनी नाकाच्या कारणावरून विकला. काही महिने गेले. त्याच्यावाचून बोर्डाला अर्थ नाही असं त्यांना वाटू लागलं आणि पिंपळे सौदागरच्या एका मुलाकडून त्यांनी दुसरा हिरवा आणला, विकल्यापेक्षा चांगला दीड हजार जास्त देऊन. “हा वेगळा आहे,” ते म्हणाले. “जुन्या लॉटचा.” रविवारी वहिनी पाट पुसत होत्या. त्यांनी तो हिरवा उचलला, खिडकीपाशी नेला आणि नखानं ड्राइव्हच्या नॉबशेजारी खरवडलं. डिंकाचा गोल डाग होता, कडेला मरून रंगाचा कण.

“ही माझी टिकली आहे.”

टोनशेठनी डबी हातात घेतली. उलटी केली, सुलटी केली. मग केबल जोडली, तिसरी तार ताणली, सोडली आणि डोळे मिटून म्हणाले, “पण उघडलाय. मध्ये कुणीतरी चांगला वाजवलाय त्याला.”

“मग त्याच्याकडेच राहू द्यायचा होता,” वहिनी म्हणाल्या आणि पाटाची दुसरी बाजू पुसायला लागल्या.

हा उद्योग चार भिंतींत चालला होता तोवर ठीक होतं. गेल्या गणपतीत सोसायटीनं ऑर्केस्ट्रा ठरवला आणि सेक्रेटरींनी उत्साहाच्या भरात जाहीर केलं की एका गाण्यात आपले रहिवासी कलाकारही साथ करतील. ऑर्केस्ट्राचे गिटारवाले अण्णा, साठीपुढचे, जत्रा-यात्रांत आयुष्य गेलेलं. त्यांच्या पायाशी एकच डबी होती, पिवळी एसडी-१, इन्सुलेशन टेपनं फळीला बांधलेली. रंग उडून खालचा धातू दिसत होता. टोनशेठ पाट घेऊन आले. अण्णांनी पाटाला नमस्कार केला. तो त्यांना पूजेचा वाटला असावा.

क्लबहाउसमध्ये तालीम सुरू झाली. टोनशेठनी सेंटॉरची सर्वांत अस्सल नक्कल चालू केली. घरी हाच आवाज कसा भरदार, खर्जापासून टिपेपर्यंत भरलेला. इथे ढोलकी सुरू झाली, ऑक्टोपॅड सुरू झाला, कीबोर्डवाल्यानं डावा हात ठेवला आणि टोनशेठ गायब झाले. बोटं हलत होती, तोंड वाकडं होत होतं, ऐकू काही येत नव्हतं. त्यांनी आवाज वाढवला. नुसता गोंगाट वाढला. अण्णांनी खूण करून सगळ्यांना थांबवलं, वाकून पाटावरच्या कोपऱ्यातल्या हिरव्याकडे बोट दाखवलं. “तो का नाही लावत?”

“अण्णा, तो नाकात बोलतो.”

“नाकात बोलतो म्हणून तर ढोलकीतून वर येतो. खर्ज बेसवाल्याचा असतो, त्याचं त्याला राहू द्या. घरी एकट्यानं ऐकून पेडल निवडतात होय?”

टोनशेठनी हिरवा दाबला. गिटार सगळ्यांच्या मधून वाट काढत समोर येऊन उभी राहिली. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद होता, पण त्यात थोडी फसवणूक झाल्याचा भावही होता. एक्सेलमध्ये ढोलकीचा रकाना नव्हता.

कार्यक्रमाच्या दिवशी हिरवा बोललाच नाही. या डब्यांना वेगळा चालू-बंद खटका नसतो. इनपुटला केबल खोचली की आत बॅटरी चालू होते आणि खोचलेली राहिली तर निमूटपणे संपते. तालमीच्या रात्रीपासून ती खोचलेली होती. निवेदकानं टोनशेठचं नाव दोनदा घेतलं. अण्णांनी काही न बोलता आपली केबल काढली, त्यांची केबल पिवळ्यात खोचली आणि पायानं फळी त्यांच्याकडे सरकवली.

टोनशेठ चांगलं वाजवून गेले. मैत्रीखातर म्हणत नाही. अनोळखी डबी, फिरवायला सवड नाही, त्यामुळे हात पहिल्यांदाच पूर्ण वेळ तारांवर राहिले. सोलो छोटा होता, पण शेवटची तार त्यांनी ताणली तेव्हा मागच्या रांगेतली कॉलेजची पोरं मोबाइलमधून डोकं काढून बघायला लागली. आईंनी हात उचलून दाद दिली, जी त्या सहसा ख्यालाखेरीज कशालाच देत नाहीत.

मांडव आवरायला घेतल्यावर ते अण्णांच्या फळीशेजारी उकिडवे बसले. “अण्णा, तेवढं सेटिंग सांगा ना. ड्राइव्ह बाराच्या अलीकडे दिसतोय. टोन कुठं आहे?”

“टोनचा नॉबच नाही हो. फलटणला स्टेजवरून पडली डबी, तेव्हा मोडला. आत दांडा आहे, तो फिरत नाही.”

“म्हणजे तो कायम तिथेच?”

“असेल. बघितलं नाही कधी.”

टोनशेठनी मोबाइलचा टॉर्च लावला. मोडक्या दांड्याचे त्यांनी समोरून, डावीकडून आणि जमिनीला गाल टेकवून खालून असे फोटो काढले. त्याच रात्री दीड वाजता जुन्या मालाच्या ग्रुपवर त्यांची जाहिरात आली: पिवळं एसडी-१ हवं आहे, अवस्था कशीही चालेल, टोनचा नॉब मोडलेला असल्यास प्राधान्य.