थकलेल्यांची रियाधवारी

टेनिसचं भरगच्च वेळापत्रक आमचा जीव घेणार, अशी कैफियत कार्लोस अल्काराझने सप्टेंबर २०२४ मध्ये मांडली. चाहते हळहळले. पुढच्याच महिन्यात गडी रियाधला ‘सिक्स किंग्ज स्लॅम’ या प्रदर्शनी स्पर्धेत हजर! नुसतं खेळायला येण्याचे १५ लाख डॉलर, विजेत्या यानिक सिनरला ६० लाख. त्याच वर्षी अमेरिकन ओपन जिंकून सिनरला मिळाले होते ३६ लाख, तेही पाच सेटांच्या स्पर्धेत सात फेऱ्या पार करून. रियाधला तीन सामने, तेही तीन सेटांचे. म्हणजे थकव्यावर औषध आहे, फक्त ते डॉलरमध्ये मिळतं.

यावर चाहते म्हणतील, प्रदर्शनी सामन्यात क्रमवारीच्या गुणांचा ताण नसतो, दोन-तीन दिवसांत मोकळं होता येतं. कबूल. पण गुडघा तोच, खांदा तोच आणि विमानही तितकंच लांब जातं. माद्रिद, रोम, शांघायच्या स्पर्धा लांबवून बारा दिवसांच्या करणारी पुरुष टेनिसची संघटना एटीपी काही साव नाही; तिलाही तिकीटविक्रीच दिसते. खरा दमतो तो शंभराव्या क्रमांकाचा खेळाडू, आणि त्याला रियाधचं आवतण येत नाही. २०२५ च्या ऑक्टोबरात तिथल्या अंतिम फेरीत पुन्हा सिनर आणि अल्काराझच होते. जिंकला सिनर.