वावरचा उपसरपंच मोठा

जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीच्या रस्त्यावर लाल मातीचा धुरळा उडवत गाड्यांचा ताफा आला, की एक तर निवडणूक जवळ आलेली असते किंवा काही तरी वाईट घडलेले असते. 1992 मध्ये इथली मुले कुपोषणाने दगावली तेव्हा असे ताफे आले. गंमत म्हणजे त्या साली महाराष्ट्राला उपमुख्यमंत्रीच नव्हता. रामराव आदिकांनंतर थेट 1995 मध्ये गोपीनाथ मुंडे त्या पदावर बसले. मधली दहा वर्षे राज्याने त्या पदावाचून काढली आणि कुणाचे फारसे अडले नाही.

वावरला मात्र उपसरपंचावाचून चालत नाही, कारण तो कायद्यात आहे. 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमाने त्याची कामे लिहूनच ठेवली आहेत. सरपंच हजर नसेल तर सभा त्याने चालवायची, सरपंचाने सोपवलेले काम करायचे, सरपंचपद रिकामे झाले तर नवा येईपर्यंत गाडा ओढायचा. न जमल्यास सदस्य अविश्वास ठराव आणून त्याला घरी बसवू शकतात. त्याला मानधनही आहे. 2024 मध्ये सरकारने ते दुप्पट केले, तेव्हा लहान गावातल्या उपसरपंचाचे हजाराचे दोन हजार झाले. आकडा हसण्यासारखा असेल; पण तो ‘उप’ असण्याचाच मोबदला आहे.

आता मंत्रालयात या. राज्यघटनेचे कलम 163 आणि 164 भिंग लावून वाचले तरी त्यात मुख्यमंत्री सापडतो, मंत्री सापडतात, उपमुख्यमंत्री सापडत नाही. या पदाविरुद्धची याचिका सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2024 मध्ये फेटाळली. कारण मोठे मार्मिक होते: उपमुख्यमंत्री हा शेवटी एक मंत्रीच आणि त्या बिरुदापायी त्याला पगार काही जास्त मिळत नाही. म्हणजे पद टिकले ते त्याला काही अर्थ नाही म्हणून! मुख्यमंत्री परदेशी गेले तर कारभार आपोआप त्याच्या हाती येत नाही. मुख्यमंत्र्यांनी राजीनामा दिला तर त्याचीही खुर्ची जाते. वावरचा उपसरपंच इथे सरळ एक पायरी वर आहे.

दिल्लीतही हेच. 1989 मध्ये राष्ट्रपती व्यंकटरामन शपथ देताना ‘मंत्री’ म्हणत होते आणि देवीलाल ‘उपपंतप्रधान’ म्हणत होते.

मग या पदासाठी एवढी ओढाताण कशाला? 1978 मध्ये वसंतदादा पाटलांच्या मंत्रिमंडळात नाशिकराव तिरपुडे पहिले उपमुख्यमंत्री झाले, तेव्हा रेड्डी आणि इंदिरा अशा दोन काँग्रेसना एका बाकावर बसवायचे होते. तेव्हापासून पदाचे खरे काम तेच: आघाडीतल्या धाकट्या भावाची समजूत काढणे. ताकद येते ती खात्यातून. मुंडे असोत की आर. आर. पाटील, दोघांचाही दरारा होता तो गृहखात्याचा. डान्सबार बंद झाले ते गृहमंत्र्यामुळे, उपमुख्यमंत्र्यामुळे नव्हे.

2022 पासून तर नवाच प्रकार सुरू झाला. माजी मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस उपमुख्यमंत्री झाले आणि 2024 च्या डिसेंबरात एकनाथ शिंदेंनीही तीच वाट धरली. 2023 पासून तर एकाऐवजी दोन उपमुख्यमंत्री. कुणाची फाइल कुणाच्या टेबलावरून मुख्यमंत्र्यांकडे जाणार, यावरही खल झाला. ज्या पदाला कामच नेमून दिलेले नाही, त्याच्या सहीचा क्रम मात्र नेमला गेला.

वावरच्या पाड्यावर दिवाळीनंतर माणसे वीटभट्टीवर निघून जातात, मागे म्हातारी आणि पोरे उरतात. आदिवासी भागात तीन हजार लोकवस्तीमागे एक आरोग्य उपकेंद्र, असा नियम आहे. तिथल्या नर्सबाईंनी कोणत्या तारखेला कोणाचे वजन घ्यायचे, कोणत्या रजिस्टरात लिहायचे, सारे ठरलेले आहे; म्हणजे इथल्या उपकेंद्रातल्या ‘उप’लाही नेमून दिलेले काम आहे.

तेव्हा यापुढे एखादे उपमुख्यमंत्री जव्हार-मोखाड्याच्या दौऱ्यावर आले, तर त्यांनी वावरच्या उपसरपंचाकडून कामांची ती यादी मागून घ्यावी आणि मुंबईला परतल्यावर स्वतःसाठी तशी एक विधिमंडळाकडून मंजूर करून घ्यावी. अविश्वासाच्या तरतुदीसकट.