ड्यूकचं नाक, वलंदेजांचं बिल

कुरवंड्याहून नागफणी चढून आलेलं टोळकं टपरीवर कांदाभजी संपवून बसलं होतं. बिल आलं, मोबाइल निघाले, कुणीतरी पुकारलं, ‘टीटीएमएम!’ तुझं तू, माझं मी. इंग्रज यालाच ‘डच’ जाणं म्हणतो. भजी खाल्ली आपण, बदनाम हॉलंडवाला!

इंग्रज आणि वलंदेज, म्हणजे डच, यांचं भांडण सतराव्या शतकातलं. समुद्रावरच्या व्यापारावरून 1652 पासून दोघांची तीन युद्धं झाली. 1667 मध्ये तर वलंदेजांनी इंग्रजांची जहाजं त्यांच्याच नदीत शिरून जाळली. तोफा थंडावल्या, जीभ थंडावली नाही. दारूच्या जोरावरचं शौर्य ‘डच’, न कळणारी बडबड ‘डबल डच’, कान उपटणारा काकाही ‘डच’. मूळ शब्दाचा अर्थ बिचारा ‘लोकांची’, म्हणजे लॅटिन नव्हे ती भाषा. जर्मनांचं ‘डॉइच’ त्याचंच सख्खं भावंड.

आपल्याकडे हेच वलंदेज वेंगुर्ल्यात वखार घालून राहिले. वलंदेजी शिवी काही माझ्या कानावर नाही. अर्थात आपणही सोवळ्यातले नव्हे. कारभार बोंबलला की ‘मोगलाई’, सावकार मानगुटीवर बसला की ‘पठाणी व्याज’!

नागफणीला मात्र साहेबानं आपल्याच माणसाचं नाव दिलं: ‘ड्यूक्स नोज’, ड्यूक ऑफ वेलिंग्टनच्या नाकावरून. 1815 मध्ये वॉटर्लूला याच ड्यूकच्या हाताखाली वलंदेज पलटणीही लढल्या होत्या. त्या विजयाचं काही टीटीएमएम झालं नाही. डोंगरावर नाक एकट्याचंच.