वाढत्या अंगाचं शीड

आमच्या लहानपणी शाळेची खाकी चड्डी वाढत्या अंगाची शिवत. आई शिंप्याला बजावायची, "दोन वर्षं गेली पाहिजेत." मग कमरेला चुण्या, खाली चार बोटं दुमड, आणि आत कुठेतरी मी. ती चड्डी जेव्हा खरोखर माझ्या मापाची झाली, तेव्हा तिचं बूड विरलं होतं. हे सगळं आठवायला निमित्त झालं मेहुण्याच्या बोटीचं.

मेहुण्याकडे तीस फुटी जुनी शिडाची बोट आहे. पावसाळाभर जमिनीवर ताडपत्रीखाली, उरलेले महिने मुंबई बंदरात. तिचं पुढचं शीड उन्हानं इतकं कुजलं होतं की बोट लावलं तर शिवण उसवावी. नवं शिवायला टाकायचं ठरलं. केवढं, यावर घरात दोन महिने शांतता नव्हती.

पुढच्या शिडाचं माप टक्क्यांत सांगतात. डोलकाठीपासून नाळेवरच्या तारेपर्यंत जेवढं अंतर, ते शंभर. शिडाचा मागचा कोपरा त्याच्या पुढच्या कडेपासून काटकोनात तेवढाच दूर असला तर शीड शंभर टक्के. दीडपट दूर असला तर ते डोलकाठी ओलांडून मागच्या मुख्य शिडाच्या, म्हणजे मेनसेलच्या, बगलेत शिरतं आणि दीडशे टक्के ठरतं. डोलकाठीच्या पलीकडे जाणाऱ्या अशा शिडाला जेनोआ म्हणतात. १९२०च्या दशकात स्वेन सालेन या स्वीडिश गृहस्थांनी इटलीतल्या जेनोआच्या शर्यतींत असं शीड लावून नाव काढलं, म्हणून ते नाव. मेहुण्याच्या बोटीवर डोलकाठीपासून तारेपर्यंतचं अंतर ३.२ मीटर. तिच्या डोलकाठीच्या उंचीला दीडशे टक्क्यांचं शीड, जुनं होतं तसं, साधारण २८ चौरस मीटर, तीनशे चौरस फूट. मुंबईत एवढ्या जागेत लोकांनी चार मुलांची लग्नं लावली आहेत.

ज्या माणसाला दहावीत बावन्न टक्के होते, त्याला दीडशेचा मोह पडला तर मी समजू शकतो. "अहो भावोजी," तो म्हणाला, "मोठं घेऊन ठेवायचं. वारा वाढला की फर्लरवर गुंडाळायचं. लहान शीड काही वाढवता येत नाही." युक्तिवाद बिनतोड होता. आईचाही होता.

गुंडाळता येतं हे खरंच. दोरी ओढली की शीड पुढच्या तारेभोवती पडद्यासारखं वेढे घेत लहान होतं. पण कापड सपाट नसतं, शिंप्यानं त्याला मुद्दाम पोट दिलेलं असतं. कडा गुंडाळल्या जातात आणि पोट तसंच राहतं. शिवाय मागचा कोपरा पुढे सरकतो, त्यामुळे त्याचा दोर ज्या कप्पीतून येतो तीही पुढे सरकवावी लागते. (या दोराला शीट म्हणतात. मी पहिल्या दिवशी "शीट ओढा" ऐकून बाकावरची चादर ओढली होती.) पुढच्या कडेत फोमची पट्टी शिवली तर पोट थोडं आवरतं. तरी दीडशेचं शंभर केलेलं शीड म्हणजे वर बांधलेलं गाठोडंच. बोट पुढे कमी जाते आणि आडवी जास्त होते. आणि वारा दहा नॉटांवरून वीसवर गेला की शिडावरचा दाब दुप्पट नाही, चौपट होतो.

एवढी मोठी शिडं बोटींवर आली तरी कशी? १९७०च्या दशकात शर्यतींचे मापनियमच असे होते की मोठं मेनसेल महागात पडे आणि मोठं जेनोआ स्वस्तात सुटे. शर्यतवाल्यांचं पाहून सहलवाल्यांनीही तशाच बोटी बांधून घेतल्या. नियम केव्हाच गेले, पण बोटी टिकाऊ निघाल्या. मेहुण्याची त्यांतलीच एक. तिचं मेनसेल इतकं आखूड आहे की पुढच्या शिडाची मदत घेतल्याशिवाय ती हलत नाही. त्यामुळे शंभरवर भागणार नव्हतं, हे वहिनींनाही, म्हणजे मेहुण्याच्या बायकोलाही, मान्य होतं.

वहिनींचा संबंध असा की टॅक मारताना बोटीचं तोंड वाऱ्यातून फिरतं, तेव्हा ते तीनशे चौरस फूट डोलकाठीवरून फरफटत दुसऱ्या बाजूला जातं आणि तिथे दोर ओढायच्या विंचच्या हँडलला वहिनी असतात. मेहुणा सुकाणूवर असतो आणि "लवकर, लवकर" म्हणतो.

त्यानं शेवटचा बाण काढला: तारिणी. नौदलाची ५६ फुटी बोट, गोव्यात बांधलेली. २०१७-१८ मध्ये महिला अधिकारी तिच्यावरून पृथ्वीप्रदक्षिणा करून आल्या. "२५ मीटरची डोलकाठी, सहा शिडं! त्यांनी नाही ओढलं?"

"त्या सहा जणी होत्या," वहिनी म्हणाल्या. "इथे मी एकटी आहे."

मग त्यांनी दूध-पेपरच्या हिशेबाची वही आणली. मागच्या पानांवर गेल्या हंगामातल्या तेवीस फेऱ्या मांडल्या होत्या. चौदा वेळा शीड अर्धंमुर्धं गुंडाळलेलं. पाच वेळा वारा मेलेला, इंजिन लावून परत. पूर्ण उघडलं ते चार वेळा, त्यातही एकदा वाऱ्याखालच्या बाजूची मच्छीमार होडी शिडाआड दिसलीच नाही आणि तिच्यावरच्या तांडेलानं आमच्या तीन पिढ्यांची चौकशी केली. खरं तर आमच्या बंदरात हिवाळ्यात यापेक्षा निराळं होत नाही. सकाळी मतलई वारा असतो न असतो, दुपारनंतर वायव्येकडून बारा-पंधरा नॉटांचा ठरलेला. सकाळच्या त्या मरगळीत दीडशे काय, दोनशे टक्केही झोपाच काढतील. मेहुणा मात्र शीड निवडत होता ते मनातल्या एका मंद, सोनेरी संध्याकाळसाठी.

शिडं शिवणाऱ्यानं एकशे पस्तीस सुचवलं, वहिनी एकशे दहावर अडून. शेवटी भाजी बाजारात होतो तसा सौदा झाला. एकशे वीस, तळाची कड थोडी वर उचललेली म्हणजे खालून होड्या दिसाव्यात, पुढच्या कडेत फोम, मागच्या कडेला उन्हापासून वाचवणारा निळा पट्टा. पट्ट्याचा रंग मेहुण्यानं निवडला. तेवढं त्याला मिळालं.

जुनं दीडशेचं शीड टाकून द्यायला त्याचा जीव होईना. या मे महिन्यात अलिबागला गेलो तर वहिनींनी ते दोनदा धुऊन अंगणात अंथरलं होतं, तिन्ही बाजूंना दगड ठेवून. वर आमसुलं वाळत पडलेली, कापडावर जांभळे डाग. एकही वेढा न घेता पसरलेलं ते शीड मी पहिल्यांदाच इतकं निवांत पाहिलं. मेहुणा कडेला उभा राहून वाऱ्याचा अंदाज घेत होता.