दस्तकाविना हार्ड डिस्क

आंधळगावचा कोष्टी एकाच ओळीत तीन धोटे फिरवून कोशाच्या साडीच्या अंगाला करवतीच्या दात्यांचा काठ बेमालूम जोडतो, हे त्याचे पिढीजात कसब सर्वश्रुत आहे. परंतु त्याच काठाची छायाचित्रे एखाद्या सरकारी संगणकात शिरवावयाची झाल्यास जे कसब लागते, ते शिकविणारा माग अद्याप कोणी उभारलेला नाही.

प्रसंग बहुधा असा असतो. अर्जासोबत नमुन्यांची छायाचित्रे आणि विणकामाची चित्रफीत दाखल करावी, असे फर्मान निघते. चित्रफीत मेलमध्ये मावत नाही, म्हणून बाबूसाहेब ती हार्ड डिस्कमध्ये आणावयाचा तोंडी हुकूम देतात. आणि विणकर ती घेऊन हजर होतो, तेव्हा ॲडमिनिस्ट्रेटरशी संपर्क साधण्याची लेखी ताकीद पडद्यावर उमटते.

“काहून चालत नाही जी, बाबूसाहेब?”

“वरून बंद आहे, भाऊ.”

बंदी घालणारी ही गादी कोठे असते, याचा शोध घेणे पूर्वी सुलभ होते. भोसल्यांच्या अमदानीत ती नागपुरास होती. १८५३ साली राज्य खालसा झाल्यावर तिचा मुक्काम कलकत्त्यास हलला. १९५६ साली विदर्भ द्विभाषिक राज्यात गेल्यावर ती मुंबईस आली, आणि रयतेला निदान कोणत्या दिशेस तोंड करून अर्ज करावा एवढे तरी कळत असे. सांप्रत ती सर्व्हरमध्ये वास करते.

बंदी निष्कारण आहे, असे मात्र मी म्हणणार नाही. २००८ साली अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या जाळ्यात एका पेन ड्राइव्हने रोग नेला, तेव्हा त्या बलाढ्य खात्यानेही असल्या उपकरणांना मनाई केली; आणि २०१० साली उघडकीस आलेल्या स्टक्सनेटने इराणच्या अणुकेंद्रातील यंत्रे बिघडविली, त्या कारस्थानातही पेन ड्राइव्हचेच नाव घेतले जाते. आंधळगावच्या कोशात असले विष नसते, हे संगणकास कोणी पटवून द्यावे? त्याच यूएसबीच्या भोकांतून माऊस आणि कीबोर्ड बिनदिक्कत आत जातात, साहेबांच्या डिजिटल सहीचा डोंगल तर शेजारीच ठाण मांडून बसलेला असतो. अटकाव काय तो केवळ साठवणुकीच्या जातीला.

तथापि ज्या कचेरीत हा दरवाजा सर्वस्वी बंद नसून केवळ नवे काही स्थापित करण्याची मुभा नसते, तेथे डिस्कची निवड विवेकाने केल्यास कार्यसिद्धी होऊ शकते. स्वतंत्र ॲडॅप्टरवर चालणारी मोठी डिस्क प्रथमच वर्ज्य समजावी, कारण कचेरीतील एकुलते सॉकेट पंख्याच्या किंवा कुलरच्या वहिवाटीत असते. लहान डिस्क यूएसबीतूनच वीज घेते खरी, पण जुने यूएसबी नियमाने ५०० मिलिॲम्पियरच देते, नवे निळ्या तोंडाचे ९००. तेव्हा फिरत्या तबकडीची डिस्क जुन्या यंत्रावर नुसती टकटक करीत बसते, आणि थोडक्यात भागविणारी एसएसडी पुष्कळदा निभावून जाते. फॉरमॅटचा पेच याहून सूक्ष्म आहे. फॅट३२ला चार जीबीपेक्षा मोठी फाईल पेलत नाही. एनटीएफएसमध्ये फाईलवर एका संगणकावरील मालकाचा हक्क नोंदला जाऊन दुसऱ्या संगणकावर फेरफाराचा वाद उपस्थित होऊ शकतो. आणि २००६ साली अवतरलेले एक्सफॅट विंडोज एक्सपीला ओळखू यावे म्हणून जी पुरवणी लागते, ती बसविण्यास ॲडमिनचाच पासवर्ड लागतो. कुलपाचेही तसेच. सॉफ्टवेअरचे कुलूप उघडावयास पुष्कळदा तीच परवानगी हवी, म्हणून जिच्या अंगावरच आकड्यांची बटणे आहेत अशी डिस्क उत्तम. ती स्वतःचे कुलूप स्वतः काढते आणि संगणकापुढे साध्या डिस्कच्या वेषात उभी राहते. तिची किंमत ऐकल्यावर विणकर साडीचा हिशेब पुन्हा मांडतो, ही गोष्ट निराळी.

एवढी सर्वगुणसंपन्न डिस्क मिळूनही ‘वरून बंद’ निघालेच, तर बाबूसाहेबांच्या अनुभवी मस्तकातून तोडगा निघतो: छायाचित्रांच्या प्रिंट आणा, आम्ही स्कॅन करून चढवू. चित्रफितीचे काय, असा प्रश्न विचारण्याइतका विणकर उद्धट नसतो. तो झेरॉक्सच्या दुकानात जातो, जेथील संगणकाला कोणतीच मनाई नसून साऱ्या गावाच्या पेन ड्राइव्हांनी त्यात आपापले रोग ठेवलेले असतात. तेथे त्याची महागडी डिस्क पहिल्याच झटक्यात लागते, आणि करवतकाठाच्या कृष्णधवल प्रिंट, कारण रंगीत शाई संपलेली असते, तिसऱ्या प्रहरी कचेरीत रीतसर आवक होतात.